तपास चालू आहे

काचवाल्यांनी पट्टी दाबून धरली, हिऱ्याचं टोक रॉकेलात बुडवलं आणि काचेवरून एका दमात खाली ओढलं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या निरीक्षकबाई मध्ये बोलल्या नाहीत. हात अर्ध्यावर थांबला तर काच वाया जाणार, हे दिसतच होतं. काचवाल्यांनी ती मेजाच्या कडेशी सरकवली, दोन्ही अंगठ्यांनी किंचित दाब दिला. टक्क असा आवाज झाला आणि तुकडा सुतासारखा सरळ सुटून आला. मग त्यांनी वर पाहिलं.

"परत फरशी उकरायची का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "तसं असेल तर आधी आत जाऊन माझ्या बायकोला सांगा. मागच्या खेपेला तिच्या कुंड्या फुटल्या होत्या."

"फरशीचं काही काम नाही. तुमच्याशी बोलायचंय. दोघांशी."

"दोघांशी एकदम?" काचवाल्यांनी हिरा फडक्याने पुसून खिशात ठेवला. "बघू, जमतंय का."

दुकानातून घरात जायला मागच्या बाजूने वाट होती. तिथल्या फरशा बाकीच्यांपेक्षा उजळ होत्या, कारण त्या नंतर बसवलेल्या होत्या. खोदकाम झालं तेव्हा निरीक्षकबाई राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागात अगदी नव्या होत्या आणि मजूर खणत असताना दिवा धरून उभं राहायचं काम त्यांच्या वाट्याला आलं होतं. खाली माती लागली, गंजलेला पाइप लागला, आणि मग एक छोटासा हात दिसला तेव्हा मजुरांनी कुदळी खाली टाकल्या. तो प्लॅस्टिकच्या बाहुलीचा निघाला. काचवाले तेव्हा याच दाराला टेकून उभे होते. त्यांनी पुढे होऊन ती बाहुली मागितली होती आणि त्यांना ती मिळाली नव्हती. पुरावा म्हणून ती विभागात गेली.

हे प्रकरण अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होतं. काचवाल्यांची एकुलती एक मुलगी एका जागी कधी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. नुकतं कॉलेज संपत आलेलं, आणि एका दुपारी ती नाहीशी झाली. आदल्या संध्याकाळी बाप तिच्यावर ओरडल्याचं चार घरांनी ऐकलं होतं. दुकानाच्या जमिनीवर तिचं रक्त सापडलं. काचवाले सांगत राहिले, काचेवर पाय पडला होता तिचा, मीच पट्टी बांधली. भांडणाचं कारण विचारलं तर म्हणाले, काही नाही हो, डब्यावरून, एवढंसं होतं. कुणी विश्वास ठेवला नाही. पहिली लेखी तक्रार केली ती त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने. तो शेजारीच राहायचा, गल्लीच्या समितीचा अध्यक्ष होता आणि लहानथोर त्याला अध्यक्ष म्हणूनच हाक मारत. दादाचा राग मी लहानपणापासून बघतोय, असं त्याने डोळे पुसत पुसत जबाबात सांगितलं होतं.

प्रेत सापडलं नाही, म्हणून खटला उभा राहिला नाही. खटला नाही, म्हणून सुटकाही नाही. खिडकीची काच फुटली तर लोक अजून काचवाल्यांकडे येत, कारण जवळपास दुसरं दुकान नव्हतं. पण घरातलं माणूस गेलं की त्याच्या फोटोला चौकट करून घ्यायला मात्र ते नदीपलीकडच्या बाजारात जात.

स्वयंपाकघरात भिंगरीची आई शेगडीवर चहाचं आधण ठेवत होती. निरीक्षकबाईंना पाहून तिने न बोलता आधणात आणखी एक कप पाणी ओतलं.

"बसा," ती म्हणाली. "आणि त्यांना म्हणावं, खुर्ची जरा पुढे घ्या, भिंतीला घासते."

नवरा तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता. काचवाल्यांनी खुर्ची पुढे घेतली. निरीक्षकबाईंच्या लक्षात आलं, की या घरात असंच चालत असणार. कुणी पाहुणा आला तर त्याच्यामार्फत, एरवी भिंतीला, भांड्याला उद्देशून. आतल्या खोलीच्या दाराला आतल्या बाजूने जाडजूड कडी होती, आणि ती चौकटीइतकी जुनी नव्हती. बाहेरच्या अरुंद पलंगावर घडी केलेलं एकच पांघरूण होतं.

प्रवासात त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती. आता त्यातलं एकही आठवेना.

"भिंगरी जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "मी तिला भेटून आले."

आईने शेगडी बंद केली. उकळत्या पाण्याचा आवाज मध्ये येत असावा तशी.

"परत सांगा."

"जिवंत आहे. बरी आहे. तिचं तिचं कमावते."

काचवाले मेजाकडे बघत होते. "चूक नाही ना होत तुमची? आधी एकदा कुठलीतरी दुसरीच निघाली होती."

"बोटांचे ठसे जुळलेत. आणि तिने स्वतःहून विभागाला फोन केला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले. डाव्या तळव्यावर लांबलचक व्रण आहे, काचेचा."

"टाके घालायला हवे होते," काचवाले म्हणाले. "मी म्हटलं चल दवाखान्यात. एका जागी बसेल तर ना."

मग ते उठले, मोरीपाशी गेले आणि नळ सोडून हात धुऊ लागले. हात स्वच्छ होते. ते धूतच राहिले. त्यांची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीकडे त्यांची बायको टक लावून बघत होती. इतकी वर्षं याच माणसाला ती दोन वेळा ताट वाढत आली होती आणि रात्री आत जाऊन कडी लावत आली होती. ती मोरीपर्यंत गेली. खुंटीवरचा पंचा काढून तिने पुढे धरला.

"मला वाटलं होतं..." ती म्हणाली.

"माहितीये."

"रोज वाटायचं."

"माहितीये गं." त्यांनी पंचा घेतला. "मी तुझ्या जागी असतो तर मलाही वाटलं असतं. रक्त तर तिचंच होतं."

निरीक्षकबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. कुंड्या नव्या होत्या, त्यात काहीतरी बारीक पानांचं वाढत होतं.

आई परत येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा ओला होता, पण आवाज नीट होता. "कुठे असते?"

"ते मला सांगता येणार नाही."

"आम्ही आई-बाप आहोत तिचे."

"ती सज्ञान आहे. पत्ता द्यायचा नाही, असं तिने लिहून दिलंय. तिथे माझे हात बांधलेले आहेत."

"लग्न केलं?"

"तेही नाही सांगता येणार."

"पोरंबाळं?" आईने स्वतःच मान हलवली. "नाही, राहू द्या. जाड झालीये का? एवढं तरी सांगाल?"

नियमांत वजनाबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. "हाडापेराने तुमच्यासारखी आहे," निरीक्षकबाई म्हणाल्या. "बारीक म्हणता येणार नाही."

आई हसली. हसता हसता तिने तोंडावर हात दाबून धरला. "तरी मी म्हणायचे. पुढे सुटणार ही."

काचवाले हसले नाहीत. त्यांनी पंचाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "माझ्यावर राग आहे का तिचा?"

"नाही. आपलं प्रकरण परत उघडलंय, हे पेपरात आलं होतं ना मध्ये? तुमच्या फोटोसकट? तो तिने पाहिला. त्याआधी तिला काहीच माहीत नव्हतं. लोक तुम्हाला काय म्हणतात, फरशी उकरली, काही नाही. फोनवर तिचं पहिलं वाक्य होतं, माझ्या बाबांना सोडा."

काचवाल्यांचे ओठ हलले. ते वाक्य त्यांनी मनातल्या मनात म्हणून बघितलं असावं.

"मग येत का नाही?"

गाडीतून येताना निरीक्षकबाईंनी हा प्रश्न उलटसुलट करून पाहिला होता. मुलीने जे सांगितलं होतं ते सांगायचं नव्हतं. तसा शब्द त्यांनी दिला होता. पण तिने काय विचारलं, त्याबद्दल शब्द दिलेला नव्हता.

"मी निघताना तिने विचारलं, घरात कोण कोण असतं. मी म्हटलं, दोघंच. मग तिने विचारलं, शेजारचं घर अजून त्यांचंच आहे का."

"त्यांचंच?"

"तिने नाव घेतलं नाही."

भिंतीपलीकडे रेडिओ चालू होता. कुणीतरी घसा खाकरला आणि आवाज वाढवला.

काचवाल्यांनी आपल्या प्रत्येक जबाबात भांडणाचं तेच एक कारण सांगितलं होतं. अध्यक्षांची बायको दवाखान्यात होती. इकडून रोज संध्याकाळी शेजारी एकट्या अध्यक्षांना जेवणाचा डबा जायचा, भिंगरी नेऊन द्यायची. त्या संध्याकाळी ती नाही म्हणाली. अडूनच बसली. म्हणून आवाज चढला. तपास करणाऱ्या प्रत्येकाला या जागी अडखळायला झालं होतं. एका डब्यासाठी एवढा आरडाओरडा? निरीक्षकबाईंनी स्वतः त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. बाप काहीतरी लपवतोय, असाच त्याचा अर्थ होता.

"डबा," आई म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने, "मीच भरायचे."

"मी ओरडलो तिच्यावर." काचवाले बायकोकडे बघत नव्हते, कुणाकडेच बघत नव्हते. "म्हटलं, काका आहे तो तुझा. खाणार आहे का तुला?"

रेडिओवरच्या बातम्या संपल्या आणि गाणं सुरू झालं.

काचवाले उठले. खुर्ची मागच्या मागे पडली. ते दाराकडे निघाले तेव्हा निरीक्षकबाई आधीच दारात उभ्या होत्या.

"बसा."

"बाजूला व्हा, मॅडम."

"तुम्ही आत्ता त्या घरात पाऊल टाकलंत, की त्याला दोन गोष्टी कळतील. ती आहे, आणि ती बोलली. आज त्याला यातलं काहीही माहीत नाही. तो समजतो ती मेली. म्हणून ती सुखाने झोपते."

काचवाल्यांच्या हाताच्या मुठी वळलेल्या होत्या. त्यांच्या बोटांवर जुन्या काचांच्या असंख्य पांढऱ्या रेघा होत्या. "मग तुम्ही धरा त्याला. तुमचं कामच आहे ते."

"तिची तक्रार लागेल. ती आज द्यायला तयार नाही. मी विचारलं, परत विचारीन. पण तिच्या मागे लागणार नाही."

"आणि तोवर मी काय करू? रोज सकाळी त्याचं तोंड बघू?"

आईने पडलेली खुर्ची उचलून सरळ केली आणि नवऱ्याच्या दंडाला धरून त्यांना बसवलं. ते बसले, पण एकदम म्हाताऱ्या माणसासारखे, आधी मेजाला हात टेकून.

थोड्या वेळाने निरीक्षकबाईंनी सांगायला सुरुवात केली. खरं तर त्या आल्या होत्या याच्यासाठी. इतक्या वर्षांत या घरातून फक्त न्यायचं काम विभागाने केलं होतं, या वेळी काहीतरी द्यायला आपण चाललोय, असं त्यांना सकाळी निघताना वाटत होतं.

"मुलगी जिवंत सापडली, एवढा अहवाल मी दिला की प्रकरण बंद होतं. तुमच्यावर संशयाचा डाग राहत नाही. विभागाकडून तेवढंच जाहीर करून घेईन मी, तिचं काही न सांगता, पेपरात येईल. ज्या पानावर फोटो छापला होता, त्याच पानावर."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उजळलं. "खरंच? सगळ्यांना कळेल?"

"कळेल. फक्त..." निरीक्षकबाई थांबल्या. "प्रकरण बंद करताना मूळ तक्रारदाराला लेखी कळवावं लागतं. का बंद केलं, ते कारणासकट. तो कायदाच आहे."

"तक्रारदार म्हणजे..." आई बोलता बोलता थबकली.

भिंतीपलीकडे रेडिओ बंद झाला.

मेजावर पाण्याचा एक थेंब सांडला होता, तो काचवाले बोटाने पसरत राहिले. "तिला माहितीये हे? की बंद केलं की त्याला कळतं?"

"मी सांगितलं."

"तरी म्हणाली सोडा?"

"म्हणाली, बाबांना सोडा, माझं मी बघेन. परत सगळं सोडून दुसरीकडे जाईन म्हणाली."

"परत." काचवाल्यांनी मान हलवली. "नको. बंद करू नका."

"नीट विचार करा. तुमच्यावरचा संशय तसाच राहील."

"राहू दे."

"दुकान..."

"खिडक्या फुटायच्या थांबत नाहीत, मॅडम. पोटापुरतं मिळतं." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुला चालेल? तुझ्याकडेही तसंच बघतील लोक."

"बघू देत," ती म्हणाली. "मला आता काय."

निरीक्षकबाईंनी एकदा डोळे मिटून घेतले. "मला हे कायमचं नाही ठेवता येणार. वरचे विचारतात. जुनी प्रकरणं निकालात काढा म्हणून मागे लागलेत."

"जितकं जमेल तितकं. तोवर ती तयार झाली तर बरंच. नाहीतर..." ते थांबले. "तिला सांगाल का? की बाबा म्हणाले, कुठे जाऊ नकोस. आहेस तिथेच राहा."

"सांगेन."

दुकानाच्या बाजूने पावलं वाजली. येणाऱ्याने हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. या घरात त्याला कधी तशी गरज पडली नव्हती. अध्यक्ष आत आले. केस नीट भांग पाडून बसवलेले, सदरा इस्त्रीचा, चष्मा गळ्यात दोरीला. आईने चटकन वळून शेगडी पेटवली.

"विभागाची गाडी दिसली म्हणून आलो," ते म्हणाले. "काय मॅडम, लागला का काही धागा? तक्रारदार म्हणून मला कळवायला पाहिजे ना तुम्ही."

निरीक्षकबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी काचवाले बोलले.

"कुठला धागा? मलाच विचारायला आल्यात परत. कुठे पुरलीस म्हणून."

अध्यक्षांनी सोडलेला श्वास त्या लहानशा खोलीत सगळ्यांना ऐकू आला. ते पुढे झाले आणि त्यांनी थोरल्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला. काचवाल्यांचा खांदा किंचित आकसला, मग स्थिर झाला.

"दादा," अध्यक्ष हळुवारपणे म्हणाले, "अजूनही सांगून टाक. मोकळा होशील. मी आहे ना तुझ्या पाठीशी."

"सांगेन," काचवाले म्हणाले. "वेळ आली की तुलाच आधी सांगेन."

आईने चहाचे कप मेजावर ठेवले. दिराचा कप तिने त्यांच्या हातात दिला नाही, मेजाच्या त्या टोकाला ठेवला. "घ्या भावजी," ती म्हणाली.

अध्यक्षांनी चहा घेतला, साखर बेताची पडल्याचं हसत हसत सांगितलं, आणि निरीक्षकबाईंना विचारलं, "म्हणजे यंदाही अहवालात काहीच नवीन नाही?"

"तपास चालू आहे," निरीक्षकबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. दुकानातून, उजळ फरशांवरून बाहेर पडल्या तेव्हा काचवाले त्यांना सोडायला उंबऱ्यापर्यंत आले, आणि त्यांच्या मागे अध्यक्ष. गाडीभोवती नेहमीसारखे लोक जमले होते. समोरचा न्हावी कात्री हातात घेऊनच बाहेर आला होता. दोघी बायका पिशव्या खाली ठेवून उभ्या होत्या. गाडीच्या चालकाने दार उघडून धरलं.

निरीक्षकबाईंनी एक पाय गाडीत ठेवला, मग काढला. त्या मागे वळल्या. उंबऱ्यात उभ्या असलेल्या काचवाल्यांच्या डोळ्यांत त्यांनी क्षणभर पाहिलं. ते डोळे लाल होते, पण त्यांत काही मागणं नव्हतं.

"ऐका," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका चढला की न्हाव्याने कात्री खाली केली. "आमची खात्री पटलेली नाही. शहर सोडून कुठे जायचं नाही. बोलावलं की मुकाट्याने यायचं. कळलं?"

"कळलं, मॅडम," काचवाले म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. अध्यक्षांनी खेदाने मान हलवली. निरीक्षकबाई आणखी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. गल्लीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं, याची त्यांनी खात्री करून घेतली आणि मग त्या गाडीत बसल्या.